एफ म्हणजे फुल

दादाच्या जीपमध्ये बसलो की रस्त्याकडे बघायचं नाही, एका सुईकडे बघायचं, हे माझं काम होतं. ते काम मला कुणी दिलं नव्हतं. मीच ते अंगावर ओढून घेतलं होतं आणि त्याचा मला भारी तोरा होता.

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावाहून दादा दुष्काळी कामांवर माणसं आणि सामान पोचवायचा. जीप नगरच्या लष्करी लिलावातली. पेट्रोल परवडेना म्हणून तिच्यात डिझेल इंजिन बसवलं, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून भंगारातला एक लहानसा टर्बोही. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर टर्बोचं चाक फिरवतो आणि ते चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. मग डिझेलही जास्त सोडायचं आणि गाडी पळवायची, असा दादाचा बेत. धोका एकच. डिझेल प्रमाणाबाहेर गेलं तर धूर इतका तापतो की आतला पिस्टन वितळतो. म्हणून धुराच्या नळीत एक दांडी बसवून तिची तार ड्रायव्हरसमोरच्या मीटरला जोडली होती. मीटर त्याच लिलावातला, विलायती.

मी तेव्हा राहात्याकडे एका साखर कारखान्यात बॉयलरवर होतो. ऊस नव्हता, कारखाना लवकर बंद पडला आणि मी गावी येऊन बसलो होतो. धुराचं तापमान बघणं हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे या मीटरचा मालक आपोआप मीच झालो. कारखान्यातल्या हिशेबानं मी सातशेवर खूण करायची ठरवली. लाल रंग सापडेना. तेव्हा वहिनीनं आपल्या करंड्यातलं कुंकू दिलं, मी ते मेणात कालवून काचेवर बोट ओढलं.

"सुई कुंकवाच्या पुढं गेली की पाय काढायचा," मी दादाला बजावलं.

दादा वाकून बघत होता. "आन् आकड्यांखाली हे एफ काय हाय रं?"

"फुल. पेट्रोलच्या काट्यावर नसतं का? एफ म्हणजे फुल."

"मग रिकाम्याचं ई कुठं गेलं?"

"धूर काय रिकामा व्हतो का, दादा?"

यावर तो इतका हसला की मलाही माझं उत्तर पटलं. त्या अक्षराकडे मी पुन्हा बघितलं नाही.

सुई मात्र उठसूट कुंकू ओलांडायची. तसं झालं की मी डिझेल पंपाचा स्क्रू आणखी आवळायचो, म्हणजे डिझेल कमी. "टर्बो लावून बैलगाडी केली तू हिची," दादा म्हणायचा, आणि मी त्याला पिस्टनवर व्याख्यान द्यायचो. तो ऐकून घ्यायचा. धाकट्या भावाच्या शिक्षणाचा त्याला माझ्याहून जास्त अभिमान होता.

उन्हाळ्यात एका सकाळी नगरकडून आलेल्या एस.टी.च्या ड्रायव्हरनं निरोप आणला, वहिनीच्या आईचं काही खरं नाही, लेकीचं नाव घेतायत. वहिनी एकुलती एक. आईच्या तोंडात शेवटचं पाणी आपल्या हातानं घालायचं, एवढंच तिला हवं होतं. तिनं परातीतलं पीठ तसंच झाकून ठेवलं आणि आम्ही निघालो. माहेर करंजीच्या घाटापलीकडे होतं.

घाट लागला आणि सुई चढू लागली. कुंकवापाशी आली, पुढं गेली.

"दादा, पाय काढ."

"मागं धूर तर काळा न्हाई." तो मान वळवून बघत होता. डिझेल जास्त झालं की धूर काळा होतो, हे त्यालाही ठाऊक होतं.

"धूर बघून कळत असतं तर मीटर कशाला लावला? थांबव! इथं इंजिन गेलं तर कायमचे अडकू."

त्यानं गाडी कडेला घेतली. सुई उतरायची, आम्ही निघायचो, पुढच्या चढाला पुन्हा तेच. सावलीला झाड नव्हतं. वहिनी मागच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसली होती. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त दर वेळी विचारायची, "झाली का गार, भाऊजी?" आणि मी सुईवरची नजर न काढता म्हणायचो, "झालीच."

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात बाया बसल्या होत्या. एक म्हातारी उठून वहिनीच्या गळ्यात पडली. "आत्ताच गं बाई! डोळे दाराकडंच हुते." वहिनी आत गेली. तिनं वाटीतलं पाणी आईच्या मिटल्या ओठांना लावलं, ते गालावरून उशीवर ओघळलं.

मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर अपराधी वाटलं नाही. मी इंजिन वाचवलं होतं. दादाही म्हणाला, घाटात बंद पडलो असतो तर मातीसुद्धा मिळाली नसती.

तेरावा झाल्यावर आम्ही गावी आलो. दादाचा तो काळा नसलेला धूर मात्र माझ्या डोक्यातून जाईना. आपलंच बरोबर, हे सिद्ध करायला मी मीटर आणि दांडी काढून घरात आणली. चुलीवर आंघोळीचं पाणी खळखळत होतं. दांडी त्यात बुडवली. सुई शंभरावर थांबायला हवी होती. ती शंभर ओलांडून गेली, दोनशे ओलांडून गेली आणि जरा पुढं जाऊन थांबली.

डॉक्टरच्या थर्मामीटरवर असतो तोच एफ. फॅरनहाइट. त्यातले सातशे म्हणजे कारखान्यातल्या सेल्सिअस मापानं चारशेसुद्धा नव्हेत. घाटात इंजिन जेमतेम तापलं होतं. मी त्याला धाप लागू दिली नव्हती आणि वहिनीला पोचू दिलं नव्हतं.

दादाला गोठ्यात गाठून सगळं सांगितलं. पाना घेऊन त्यानं जीपच्या पंपाचा स्क्रू सैल केला. "तिला सांगू नगं," एवढंच म्हणाला. मीटर परत बसवताना काचेवरचं कुंकू मी अंगठ्यानं पुसलं, तरी कडेला थोडं राहिलंच.

महिन्याच्या श्राद्धाला पुन्हा त्याच वाटेनं निघालो. तीच माणसं, तीच बसायची जागा. घाट लागला आणि जीप कुठं न थांबता, न कण्हता चढत गेली. आम्ही थांबलो होतो ती वळणं एकेक करून मागं पडली. मी सुईकडे बघत नव्हतो. माथ्यावर आलो तेव्हा मागून वहिनीचा आवाज आला. त्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"एवढी पळती व्हय ही, भाऊजी?"