मोठ्या गटाची तोंडी परीक्षा

लॉकडाऊन लागला तेव्हा आम्ही खराडीत पत्र्याच्या एका खोलीत राहत होतो. आमचे हे कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, बस बंद झाली तसे घरीच. पोरगी इंग्रजी शाळेत मोठ्या गटात. शाळा फोनवर आली आणि मी तर आठवीत शाळा सोडलेली, मला काय कळणार त्यातलं!

पहिल्या दिवशी टीचरनी पालकांची मीटिंग घेतली. आमच्याकडं कुकर शिट्ट्या मारतोय, शेजारी भांडण चाललंय, सगळं फोनमधून गेलं. एक आई म्हणाली, "अहो, कुणाकडे लग्न आहे का? आम्हालाही बोलवा की." सगळे हसले. टीचर म्हणाल्या, माईक बंद ठेवा. ह्यांनी बटन दाबून दिलं, ते लाल झालं. मी इतकी घाबरले होते की पुढं रोज लिंक उघडली की आधी ते लाल करायचे, मगच पोरीला बसवायचे.

आणि मी तिला शिकवलं होतं, टीचरनी नाव घेतलं की उठून उभं राहायचं, मग बोलायचं. आमच्या गावाकडं तसंच असतं. फोन डब्याला टेकवलेला. ती उभी राहिली की फोनमध्ये नुसती फ्रॉकची बटनं दिसायची, तोंड वरच. ती बोलायची, टीचर इंग्रजीत भरभर काहीतरी सांगायच्या, मला वाटायचं आवाज बारीक येतोय म्हणत असतील. मग मी मागून म्हणायचे, "जोरात बोल की गं!" ती ओरडायची, मानेच्या शिरा फुगायच्या. टीचर दुसऱ्याचं नाव घ्यायच्या.

"आई, टीचरना मी आवडत नाही," ती म्हणायची. मी चिमटा काढायचे, अजून जोरात बोल म्हणून. हळूहळू ती नुसतीच उभी राहायला लागली.

पहिलीत घ्यायचं का नाही ते तोंडी परीक्षेवर होतं. ती झाली आणि टीचरचा फोन आला, मुलगी वर्षभर एक शब्द बोललेली नाही, डॉक्टरांना दाखवलंय का? मला रडूच फुटलं. म्हणलं, मॅडम, ती ओरडून ओरडून बोलती हो, शेजारपाजाऱ्यांना पाठ झालंय. मग त्यांनी विचारलं, तुम्ही माईक चालू करता का?

ह्यांनी कपाळावर हात मारला आणि त्यांच्या गावच्या बोलीत म्हणाले, "मले काऊन नाही इचारलं तू?"

टीचर चांगल्या होत्या. म्हणाल्या, "आई, रडू नका. द्या तिच्याकडे, मी आत्ता साध्या फोनवर परीक्षा घेते."

मी फोन पोरीच्या कानाला लावला. त्यांनी रंग विचारले, तिला सगळे येतात. वार विचारले. मला ऐकू येत होतं, किती गोड विचारत होत्या त्या. पोरगी फोन धरून सरळ उभी, ओठ घट्ट मिटलेले, माझ्याकडंच बघतीय. मी म्हणलं, बोल ना गं माझे आई, आता ऐकू जातंय त्यांना, खरंच जातंय. ती मागं मागं सरकत भिंतीला टेकली.

मी फोन घेतला तर टीचर म्हणाल्या, "राहू द्या. तिच्यावर ओरडू नका."

मी कुठं ओरडत होते, मी तिच्यापुढं हात जोडत होते. तिला मोठ्या गटातच ठेवलं.