सात वाइड आणि तीन पुस्तकं

मी बॉलिंग पुस्तकं वाचून शिकले. यात हसण्यासारखं काहीही नाही.

गेल्या वर्षी आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत बायकांची क्रिकेट मॅच झाली. ए विंग विरुद्ध बी विंग. ए विंगची शेवटची ओव्हर मी टाकली आणि तीत सात वाइड गेले. (आठवाही वाइडच होता, पण अंपायरला माझी दया आली.) आम्ही हरलो. यंदा सराव सुरू व्हायच्या आधीच आमच्या कॅप्टन राणे वहिनी मला लिफ्टपाशी गाठून गोड आवाजात म्हणाल्या, "मेघना, तुझं अक्षर किती सुंदर आहे गं! यंदा तू स्कोअर लिही ना."

माझं डोकंच सणकलं. "मी बॉलिंगच टाकणार!"

"अगं, पण ते वाइड..."

"नाही जाणार! पुस्तक वाचून शिकते की नाही बघा!"

माझं माहेर सांगलीचं आणि बाबा शाळामास्तर. ते स्कूटर पुस्तक वाचून शिकले, पोहणंही पुस्तक वाचूनच शिकले. (त्यांना विहिरीतून चौघांनी बाहेर काढलं. पण पुस्तक काठावर कोरडं राहिलं, हे ते अजून अभिमानाने सांगतात.) आमचे हे, म्हणजे दिनेश, पडले करावे गावचे, खाडीत वाढलेले.

"मेघना, मोबाइलवर दोन व्हिडिओ बघ आणि विषय संपव," ते म्हणाले.

"व्हिडिओत पेन्सिलने खुणा करता येतात का?"

त्यांनी मोबाइल चार्जिंगला लावला.

पहिलं पुस्तक जाडजूड होतं, एका जुन्या बॉलरचं. एकशे दहा पानं झाली तरी गडी अजून आजोबांच्या शेतातच होता, हातात बॉल आला नव्हता! दुसरं गुळगुळीत, रंगीत फोटोंचं. बॉल टाकताना कुठले कुठले स्नायू वापरायचे त्याची यादीच दिली होती. त्यातले निम्मे माझ्या अंगात असतील असं वाटत नाही. तेव्हा मी एक नियम केला, तो फुकट सांगते, घ्या: चांगलं पुस्तक लेखकाचं कौतुक नंतर सांगतं, आपली चूक आधी सांगतं.

असं पुस्तक मला रद्दीच्या दुकानात मिळालं. पातळसं, मधे पिना मारलेलं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की बॉल बाहेर जातो, कारण तो सोडण्याची वेळ चुकते. मला तर लेखकाच्या पाया पडावंसं वाटलं! खऱ्या, म्हणजे टणक सीझन बॉलनेच सराव करा असंही त्यात होतं. मी लगेच बॉल आणला.

आठवडाभर हॉलमध्ये पळण्याचा सराव केला. मग उडीचा. (खालचे पाटील काका वर येऊन विचारून गेले, "काही पडलं का?" दिनेश म्हणाले, "नाही, अजून उडतेय.") मग हात फिरवण्याचा. हे सगळं अडतिसाव्या पानापर्यंत. पुढचं पान उलटलं तर एकदम त्रेचाळीस! त्यावर बॉल सोडून झाल्यावर हात कुठे न्यायचा ते चित्र. बॉल सोडायचा कधी, ती पानंच गायब!

आता शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. पण मॅच पंधरा दिवसांवर आली होती, आणि राणे वहिनींनी स्कोअरची वहीसुद्धा आणली होती. म्हटलं, चार पानांसाठी मी हरणार नाही! रविवारी सकाळी पार्किंगच्या मोकळ्या जागेत स्टंप लावला. गाड्या सगळ्या माझ्या पाठीमागे होत्या, म्हणून मी निर्धास्त होते.

पळाले. उडी घेतली. हात फिरवला. आणि बॉल सोडला तो जरा लवकर. म्हणजे हात अजून डोक्याच्या मागे असतानाच!

मागून खळ्ळकन आवाज आला. सोसायटीच्या चेअरमनसाहेबांच्या गाडीची मागची काच होती.

संध्याकाळी नोटीस लागली: यंदा महिलांच्या सामन्यात फक्त अंडरआर्म बॉलिंग. कारण सर्वांना माहीत आहे.

पळणं, उडी, फिरवलेला हात, सगळं गेलं पाण्यात! मी चिडून स्वयंपाकघरात आले आणि चहाबरोबर काहीतरी खायला म्हणून एक डबा उघडला. तो निघाला सासूबाईंचा सुकटीचा डबा. आणि सुकटीखाली अंथरलेलं पान एकोणचाळीस!

"आई! हे तुम्ही फाडलंत?"

"फारला नाय गो. मधला कागद होता, आपसूक सुटला," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मना वाटला रद्दी हाय. सुकटीला बरा हाय तो."

सासूबाई करावे गावच्या. फ्लॅटमध्ये आल्या तरी गच्चीवर बोंबील वाळत घालणं त्यांनी सोडलेलं नाही. बोंबलांवर कावळे येतात, आणि सासूबाई पाटावर बसल्या बसल्या खालून हात नेऊन खडा मारतात. त्यांचा खडा चुकलेला मी तरी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी राणे वहिनी वासाची तक्रार घेऊन गच्चीवर गेल्या. तितक्यात सासूबाईंनी टाकीच्या पाइपवरचा कावळा उडवला. वहिनी तक्रार विसरून धावत खाली आल्या. "मेघना! शेवटची ओव्हर आजी टाकणार!"

"आणि मी?"

"तुझं अक्षर..."

"वही आणलीत तर फाडून टाकीन! मी खेळणार!"

मग मला बाउंड्रीवर उभं केलं. उन्हात, गुलमोहराच्या पलीकडे.

मॅच रंगली. सासूबाई नऊवारी खोचून आल्या, पाच बॉलमध्ये दोन विकेट काढल्या. शेवटचा बॉल उरला, बी विंगला हव्या होत्या दोन रन. सासूबाईंनी हात मागे नेला, वर नजर टाकली आणि तिथेच थांबल्या. गच्चीवर कावळे उतरत होते.

"माझं बोंबील!"

"आजी, एकच बॉल!" राणे वहिनी किंचाळल्या.

"एक बॉल कोन बी टाकल. बोंबील कोन वाळवल?" काय झालं ते बघायला मी बाउंड्रीवरून धावत आले, तर त्यांनी बॉल माझ्याच हातात कोंबला. "कावल्याकरं बग, हाताकरं बगू नको. हात आपसूक सोरतो." आणि साडी सावरत लिफ्टकडे गेल्या.

सगळी ए विंग माझ्याकडे बघत होती. वहिनींनी तर डोळेच मिटून घेतले. मी स्टंपलाच कावळा समजले, हात मागे नेला आणि सोडला.

वाइड.

पुन्हा सोडला.

वाइड.

बी विंगला फुकटात दोन रन मिळाल्या आणि मॅच संपली. सगळी ए विंग मला सोडून घरी निघाली. दिनेश तेवढे थांबले आणि म्हणाले, "आता तरी ती पुस्तकं रद्दीत दे."

का द्यायची? गेल्या वर्षी सात वाइड होते, यंदा दोनच गेले! पुस्तकांचा उपयोग होत नाही असं आता कोणी म्हणूनच दाखवावं.