शेजारच्या सीटवर विद्याधर

दुपारचं जेवण आटोपून हेमलताबाई दाबके सोफ्यावर कलंडतात, तेव्हा मोंटानाचा नकाशा त्यांच्या पोटावर उघडाच असतो. सिअ‍ॅटलजवळचं हे घर अशा वेळी अगदी गप्प असतं. डोळे मिटतात, पण मन अजून रस्त्यावरच आहे. आधी ग्लेशियरचं राष्ट्रीय उद्यान, मग खाली यलोस्टोन, शेवटी टीटनचे सुळके. पंचवीस फुटी आरव्ही, आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, ठरवून झालीय. नाशिकहून धाकटी बहीण कुंदा तिकीट काढून तयार बसलीय. लेकीचं, केतकीचं, म्हणणं मात्र एकच: आईनं एवढं धूड डोंगरात नेऊ नये. "संध्याकाळी फोन करते, मग रद्द करून टाकू," असं सकाळीच सांगून झालंय तिचं. लांबच्या प्रवासात गाडी कायम केतकीचे बाबा, विद्याधर, चालवायचे. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालंय.

पोटावरचा नकाशा जड होत जातो. हळूहळू त्याचं स्टिअरिंग होतं.

"निघायचं ना?" शेजारून आवाज येतो.

शेजारच्या सीटवर विद्याधर बसलेत. अंगात तपकिरी स्वेटर, मांडीवर भाजलेल्या शेंगांची पिशवी. हेमलताबाईंना नवल वाटत नाही, उलट थोडा रागच येतो.

"अहो, तुम्ही तिकडे कसे? ही तुमची जागा."

"होती," ते म्हणतात आणि शेंग फोडतात.

गाडी स्वयंपाकघरातूनच निघते. ओटा मागे पडतो, फ्रिज मागे पडतो आणि वळणावर कसारा घाट लागतो. समोरून एसटी येते, तिच्या मागे बर्फाचे डोंगर. हेमलताबाई गाडी कडेला घेतात, एसटीला वाट देतात. विद्याधर निवांत शेंगा खात राहतात. एरवी त्यांनी डॅशबोर्ड घट्ट धरला असता.

"ग्लेशियरच्या वरच्या रस्त्यावर एवढी मोठी गाडी सोडत नाहीत हं," ते म्हणतात.

"माहितीये. गाडी खाली लावून तिथली बस घेणारोत आम्ही. मीच शोधून काढलंय."

"बरं."

अख्ख्या संसारात हा माणूस इतक्या लवकर 'बरं' म्हणाला नव्हता.

घाट संपतो तिथे गवताळ माळ सुरू होतो. रस्त्यात गव्यांसारख्या बायसनचा कळप उभा आहे, केसाळ, ढिम्म. हेमलताबाई इंजिन बंद करतात. इतकी शांतता मिळाली की मनातलं ओठावर येतंच.

"छातीत दुखत होतं, ते मला का नाही सांगितलंत?"

विद्याधर हातावरची टरफलं झटकतात. "सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी आपली तेव्हा ठरलेली ट्रिप रद्द केली असतीस."

"केलीच असती!"

"मला जायचं होतं गं, हेमा."

बायसन एकेक करून बाजूला होतात. डोळे पुसायला वेळ नाही, कारण आता झाडांमधली मुक्कामाची जागा आलीय आणि गाडी मागे घ्यायचीय. विद्याधर खाली उतरतात, मागे जाऊन हात हलवत उभे राहतात. आरशात ते छोटेसे दिसतात. हेमलताबाई त्यांच्याकडेच बघत राहतात.

"माझ्याकडे नको बघूस!" ते ओरडतात. "गाडीचा मागचा कोपरा बघ!"

त्या नजर वळवतात. कोपरा, झाड, मधलं अंतर. चाक जरासं फिरवतात. गाडी अलगद जागेवर बसते.

"जमलं की!" त्या काच खाली करतात. "चला, या आत."

"मी इथेच थांबतो. यलोस्टोनच्या झऱ्यांचं पाणी गरम आहे," विद्याधर हसून म्हणतात. जन्मभर त्यांना थंडी कधी सोसली नाही. त्यांच्या पाठीमागून वाफ वर येते आणि स्वेटरचा तपकिरी रंग तिच्यात मिसळून जातो.

फोन वाजतोय. खिडकीत संध्याकाळचं ऊन आलंय.

"आई, मग करू ना रद्द?" केतकी विचारते.

"नको. आणि कुंदामावशीला कळव, गरम कपडे जास्त आण म्हणावं."

"अगं, पण चालवणार कोण?"

"मी."

फोन ठेवून त्या तोंड धुवायला जातात. खांदा कशाने तरी चुरचुरतोय. गाऊनचा गळा सरकवून त्या आरशात बघतात. डाव्या खांद्यापासून उजव्या बरगडीकडे दोन बोटं रुंद, तिरका, लाल वळ उमटलाय, सीटबेल्ट काचावा तसा. विद्याधरांच्या शेजारी बसून इतकी वर्षं तो पट्टा उजव्या खांद्यावरून यायचा. इथे अमेरिकेत चालवणारा डावीकडे बसतो; डाव्या खांद्यावरून येतो तो चालवणाऱ्याचा.