पाय की वायर

बस चालवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. गल्लीत सगळे तिला ड्रायव्हरबाई म्हणत. मणक्याच्या ऑपरेशननंतर बस सुटली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. ऑपरेशनहून घरी आली तेव्हा उजव्या पायाला स्पर्शच कळत नव्हता. व्यायाम करकरून तिने तो पाय बोटाबोटाने परत मिळवला, पण डॉक्टर तिला पुन्हा बस चालवू द्यायला तयार होईनात. मग थोरल्या भावाने बंद गॅलरीत तिच्यासाठी कॉम्प्युटरवरच्या शर्यतीचा सगळा सरंजाम मांडला: गाडीची सीट, स्टिअरिंग, पायाशी पेडलं, समोर स्क्रीन. इंटरनेटवरून ती कुठकुठल्या लोकांशी शर्यती लावू लागली, त्यांच्यातल्या एका टीममध्ये शिरली, आणि घरात पुन्हा तिचा आवाज घुमू लागला.

गॅलरीत ऊन फार, कॉम्प्युटर तापायचा. म्हणून तिने तो आतल्या खोलीत नेला आणि पेडलांची वायर जोडावर जोड देऊन तिथवर पोचवली. त्यानंतरच्याच शर्यतीत भर वळणावर तिने ब्रेक दाबला, तर गाडी सरळ भिंतीवर! पुढच्या शर्यतीतही तेच.

आपण ब्रेक दाबला, असं आपल्याला वाटतंय. खरंच दाबला का? ऑपरेशनआधीही सगळं असंच सुरू झालं होतं. आता न्हाणीघरात दार लावून ती पायाच्या बोटांना टाचणी टोचून बघायची. कधी टोचल्यासारखं वाटे, कधी नाही. कुणाजवळ बोलली नाही. टीमला कळवून टाकलं, "पुढच्या शर्यतीत मला धरू नका."

भावजय ऑफिसांमधून नेटवर्कच्या केबल टाकायचं काम करी. तिच्या नजरेतून हे सुटलं नाही.

"वन्सं, सीटवर धूळ बसलीय. रुसलात कुणावर?"

"पाय दगा देतोय, वहिनी." तोंडून निघून गेलं.

वहिनीचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "बसा. दाबून दाखवा बघू."

तिने ब्रेक दाबला. ब्रेकचा दाब दाखवणारी स्क्रीनवरची पट्टी सर्रकन वर चढली आणि पाय तसाच असताना धपकन शून्यावर आली.

"बघितलंस?"

"उठा." वहिनी स्वतः सीटवर बसली आणि सगळा भार टाकून पेडल दाबून धरलं. पट्टी चढली, थरथरली, पुन्हा शून्य.

"घ्या! आता माझाही पाय गेला म्हणायचा का?"

ड्रायव्हरबाईने वाकून पेडलांची वायर हातात घेतली.

"अहो, ही वायर एवढी लांब पळवायची नसते. वाटेतच दम टाकते बिचारी."

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना वहिनी एक छोटा डबा आणि इथरनेट केबलचं वेटोळं घेऊन आली. स्टिअरिंग, पेडलं, हँडब्रेक, सगळ्यांच्या आखूड वायरी त्या डब्यात खोचल्या. डब्यातून ती लांब पल्ल्याची एकच केबल भिंतीच्या कडेने थेट कॉम्प्युटरपर्यंत गेली.

"वायफायच्या डब्यातून का नाही नेलीस? तो तर जवळच आहे."

"तिथे तुमचे दादा सिनेमा लावून बसले, की तुमचा ब्रेक रांगेत उभा!"

तिने ब्रेक दाबला. पट्टी वर गेली आणि वरच थांबली. पोटरी भरून येईपर्यंत तिने पाय काढला नाही. पट्टी जागची हलली नाही. आधी तिला हसू फुटलं, मग एकदम रडूच कोसळलं. टाचणीचंही सांगून टाकलं.

"वेड्या आहात का तुम्ही?" वहिनीने तिला जवळ घेतलं. "एवढं एकटीने सोसलंत?"

डोळे पुसून तिने आधी टीमला फोन लावला. "ब्रेक सापडला," ती म्हणाली. "जागा दिली नसेल कुणाला, तर मी येतेय."

त्या शर्यतीत तिचा नंबर अगदी मधलाच आला. वळणावर मागच्या गाडीने धक्का दिला, तेव्हा तिने अशी काही शिवी हासडली की स्वयंपाकघरातून भाऊ धावत आला. उंबऱ्यातच थबकला, बहिणीचा लाल झालेला चेहरा बघितला, आणि हसत आत गेला.