आक्कांच्या नावावरचा ट्रक

तो गुन्हा आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तो मीच उघडकीस आणला आणि वरिष्ठांची शाबासकीही घेतली. पण त्याची सुरुवात माझ्याच ओट्यावर झाली होती, हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, ते दिवस. मी पोलिसात होतो, धायरीत भाड्याने राहत होतो. शेजारी दोन भाऊ आणि त्यांची थोरली विधवा बहीण. तिला सगळे आक्का म्हणत. यजमान खडकीला कारखान्यात होते; ते गेल्यावर आलेल्या पैशातून आक्कांनी तीन खोल्यांचे घर बांधले होते. भावांनी कर्ज काढून ट्रक घेतला, आणि धंदा कोणत्या रूपात नोंदवायचा यावर त्यांचे वाजले. एका संध्याकाळी तिघेही माझ्याकडे आले.

"प्रायव्हेट लिमिटेड करू साहेब," धाकटा म्हणाला. "आयटीवाले पहिलं तेच विचारतात."

"ऑडिट कर, सभा घे, मिनिटं लिही! ट्रक चालवायचा हाय का सभा भरवायच्यात?" थोरला म्हणाला. "सरळ भागीदारी करू."

"भागीदारीत तू थोरला, म्हणजे मी तुझा क्लीनर!"

चौकीत रोज अशी भांडणे मिटवायची मला सवय होती. दोघांपैकी कुणालाच जिंकू द्यायचे नाही, की भांडण संपते. मी म्हणालो, "आक्कांच्या नावावर प्रोप्रायटरशिप करा. एकटा मालक, कटकट नाही."

"अहो, मला काय कळतंय त्यातलं?" आक्का म्हणाल्या.

"तुम्ही फक्त सही करायची, आक्का."

दोघे चपला घालून निघाले. मला वाटले, भांडण मिटले.

वर्षभर धंदा बरा चालला. मग एका कंपनीचा कॉम्प्युटरचा माल मुंबईहून आला. थोरल्याने ट्रक संध्याकाळी घरापुढे लावला आणि सकाळी कंपनीत नेला. उतरवताना एका खोक्यातून विटा निघाल्या. मग दुसऱ्यातून, तिसऱ्यातून. कंपनीने उतरवणे थांबवले आणि ट्रक रात्रभर धायरीत उभा होता म्हणून आमच्या ठाण्यात फिर्याद दिली. मी शेजारी होतो, तपास दुसऱ्याकडे सोपवायला हवा होता. तसे केले नाही.

मी थोरल्याला ताब्यात घेतले. त्याचे एकच पालुपद होते. "ताडपत्री आवळली, रस्सी बांधली अन् झोपलो. सकाळी होती तशीच होती." मालक म्हणून आक्कांना जबाबाला बोलावले. दिवसभर त्या ठाण्यातल्या बाकावर पदर सावरून बसल्या. "ट्रकमध्ये मी कधी चढलेसुद्धा नाही हो," एवढेच म्हणाल्या.

दोन दिवसांनी खबऱ्या आला. कसब्यात एका दुकानाच्या माळ्यावर खोक्याशिवायचे मॉनिटर आले होते. छाप्यात थोडा माल मिळाला. बाकीचा विकला गेला होता. दुकानदार विकणाऱ्याचा चेहरा आठवत नाही म्हणाला. अशा वेळी दुकानदारांना कुणाचाच चेहरा आठवत नाही.

मी पुन्हा ट्रकपाशी गेलो. माल उतरवायला पुढची ताडपत्री सोडली होती, मागची तशीच बांधलेली होती. एका बाजूच्या सगळ्या गाठी उजवीकडून, दुसऱ्या बाजूच्या तीन उलट्या. ट्रकवाला गाठ मारतो ती न बघता, हाताच्या सवयीने. थोरल्याला रस्सी बांधायला लावली, उजवीकडून. मग धाकट्याला बोलावले. तो डावखुरा, हे मी रोज बघत होतो.

"जरा ही रस्सी बांध रे."

त्याने गाठ मारली, शेजारच्या तिन्हींकडे पाहिले आणि रस्सी खाली टाकली.

"घरच्याच ट्रकात का रे चोरी केलीस?"

"घरचा?" तो म्हणाला. "ट्रक आक्काचा, स्टिअरिंग दादाचं. माझं काय होतं त्यात, साहेब? तुम्हीच तर वाटणी केलीत."

हे वाक्य मी जबाबात घेतले नाही.

धाकट्याला शिक्षा झाली. थोरला सुटला. पण कंपनीने नुकसानभरपाईचा दावा लावला तो मालकावर. प्रोप्रायटरशिपमध्ये धंदा आणि मालक वेगळे नसतात. धंद्याचे देणे मालकाच्या घरापर्यंत येते. धाकटा मागत होता तशी प्रायव्हेट लिमिटेड असती, तर घर त्या देण्याच्या बाहेर राहिले असते. हे मला तेव्हा समजले, दावा लागल्यावर.

त्या दाव्यात कंपनीकडून माझी साक्ष झाली. आक्कांच्या वकिलांना दाखवायचे होते की धंदा भावांचा, भार एकट्या आक्कांवर टाकू नये. त्यांनी विचारले, "आपण शेजारी राहत होता. या बाई केवळ नावापुरत्या मालक आहेत, हे आपल्याला माहीत होतं?"

होय म्हटले असते, तर पुढचा प्रश्न आला असता की कसे माहीत. मी म्हणालो, "कागदोपत्री मालक त्याच. बाकी मला माहिती नाही."

बाहेर व्हरांड्यात आक्का पाण्याची बाटली घेऊन उभ्या होत्या. "घ्या साहेब, घसा सुकला असेल," म्हणाल्या. ओट्यावरचे बोलणे त्यांनी वकिलांना सांगितलेच नव्हते. शेजाऱ्याला कशाला गोवायचे, म्हणून.

घर गेले. आक्का खडकीला एका भाड्याच्या खोलीत गेल्या आणि तिथेच वारल्या.

भांडण मिटवणे आणि ते सोडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला नोकरीने नाही, या एका प्रकरणाने शिकवले. माझ्या 'होय'ने निकाल बदलला असता की नाही, सांगता येत नाही. तरी उलटतपासणीतला तो प्रश्न अजून माझ्यापुढे आहे, म्हणून उत्तर देतो. होय, माहीत होते. आक्का नावापुरत्याच मालक होत्या, आणि ते नाव मी सुचवले होते.