पिंपाखालचा संगमरवर

तुळिंजला फ्लॅट घेतला तेव्हा माझ्या नवऱ्याने हट्टाने बाथरूममध्येही पांढरा संगमरवर बसवून घेतला. आलागेला माणूस हात धुवायला जातो, त्याला दिसायला हवा, म्हणे. नळाला पाणी मात्र एक दिवसाआड. त्यामुळे त्याच संगमरवरावर भलंमोठं निळं पिंप कायमचं बसलं. भरलेलं पिंप हलत नाही आणि खालची लादी वाळत नाही. वर्षभरात तिथून काळपट ओल पसरली, लाद्यांच्या कडा झडायला लागल्या. पिंप गॅलरीत ठेवूया, असं मी कितीदा म्हटलं. तर रस्त्यावरून वाईट दिसतं! आणि डाग का पडले? तर मी पाणी फार सांडते म्हणून. हे त्याने सासूबाईंना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, माझ्या भावालाही सांगितलं. मी आपली घासत राहिले. दगडात मुरलेली ओल घासून निघते होय?

मग माझी आई गेली. तेराव्यापर्यंत मी माहेरी राहिले. नवऱ्याने पिंप रिकामं करून गॅलरीत टाकलं, घराला कुलूप लावलं आणि तो त्याच्या बहिणीकडे राहायला गेला.

मी परतले त्याच दिवशी तोही आला. बाथरूमची खिडकी उघडी राहिली होती. लाद्या पार वाळल्या होत्या, काळपटपणा बराच उतरला होता.

"बघ," तो दारातूनच म्हणाला, "तू नव्हतीस तर कशी पांढरी झाली."

मी आईचे दिवस करून आले होते, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. तोवर त्याने पिंप ओढत आत आणलं आणि त्याच लादीवर ठेवलं.