‘फाइन’ला बंदी

कोपरीच्या बुद्धविहारात धम्मपाल सर अकरा वर्षं इंग्रजीचा फुकट वर्ग चालवत होते आणि गेली दोन वर्षं त्यांना तो नकोसा झाला होता. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. गुडघे बोलायला लागले होते, घसा कायम बसलेला. शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाने फुकटच्या कामातून निवृत्त कसं व्हायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. विहाराची किल्ली रचनाला द्यायचं ते दर महिन्याला ठरवत आणि पुन्हा खिशात घालत. रचना त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. आता विम्याच्या ऑफिसात होती आणि शनिवारी मदतीला येई.

जय भीम झाला की हजेरी. पण सरांकडे ‘प्रेझेंट’ चालत नसे; आज आपण कसे आहोत, ते एका वाक्यात सांगायचं. पोरं ‘आय हॅपी’ म्हणत. “अरे, मधलं ॲम कुठे सांडलंस?” सर विचारत. मराठीत नुसतं ‘मी दमलो’ म्हटलं की भागतं. इंग्रजीत मध्ये ॲम, इज, आर यांतलं योग्य ते बसवावंच लागतं, हे त्यांनी हजारदा सांगितलं असेल. आणि ‘फाइन’ला सक्त बंदी. फाइन म्हणजे निव्वळ थाप! म्हणणाऱ्याने बाहेर पायरीवर बसायचं, खरा शब्द सापडला की आत यायचं.

त्या शनिवारी हजेरी संपली तसा संचिता नावाच्या आगाऊ पोरीने हात वर केला. “सर, तुमची राहिली. हाऊ आर यू?”

“आय ॲम फाइन,” सर सवयीने बोलून गेले.

“बाहेर! बाहेर!” अख्खा वर्ग ओरडला.

नियम म्हणजे नियम. सर पायरीवर जाऊन बसले. आतून रचनाचा आवाज येऊ लागला, “शी इज हंग्री, दे आर हंग्री...” आणि मागोमाग पोरांचा. कुणाचंच काही अडलं नव्हतं. सरांना आधी वाईट वाटलं, मग इतकं बरं वाटलं की डोळेच भरून आले.

थोड्या वेळाने संचिता बाहेर आली. “सापडला शब्द, सर?”

“टायर्ड.”

“पूर्ण वाक्य, सर.”

“आय ॲम टायर्ड.”

ती आत पळाली. मग रचना दारात आली. आता आत बोलावणार, म्हणून सर कठडा धरून उठू लागले.

“बसा, सर,” रचना म्हणाली आणि तिने हात पुढे केला. “किल्ली द्या.”

खिशात हात घालायला सरांना या खेपेला वेळ लागला नाही.